रिपोर्ट नॉर्मल आहे, मग व्यसन सुटत का नाही?

व्यसनी माणसाच्या मेंदूत काय घडतं, ते आता मशीनच्या पडद्यावर दिसू लागलं आहे. पण ते चित्र वाचायचं कसं आणि त्यातून घरच्यांनी शिकायचं काय?

एका रविवारी सकाळी शेजारच्या आंटी एक मोठं पाकीट घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी लखनौत नोकरीसाठी भाड्याच्या खोलीत राहते. मी दिवसभर लिहिण्याचं काम करते एवढंच त्यांना माहीत आहे. "बेटा, तुमने तो अंग्रेज़ी में बी.ए. किया है. ज़रा पढ़ दो," असं म्हणत त्यांनी पाकीट पुढे केलं.

आत त्यांच्या मुलाच्या मेंदूचा एमआरआय होता. मुलगा सत्तावीस वर्षांचा. पाच वर्षांपासून दारू, मधल्या काळात झोपेच्या गोळ्याही. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा सुरू झाली. मी रिपोर्ट वाचला आणि शेवटची ओळ त्यांना हिंदीत सांगितली. मेंदूत कुठलाही दोष आढळलेला नाही, सगळं नॉर्मल आहे.

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. पण त्या खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मशीन कहती है सब ठीक है. तो फिर छोड़ता क्यों नहीं? मतलब, जान-बूझकर करता है?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा करून दिला, एवढंच. पण तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी वाचायला बसले. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते आहे, कारण हा प्रश्न कदाचित तुमच्याही घरात किंवा शेजारी कुणीतरी विचारत असेल.

'मुद्दाम करतो' आणि 'आजारी आहे' यांत फरक काय पडतो?

खूप पडतो. मुलगा मुद्दाम पितो असं वाटलं, की घर त्याच्याशी एका पद्धतीने वागतं. ओरडणं, मारणं, खोलीत कोंडणं, देवासमोर शपथ घ्यायला लावणं आणि शेवटचा उपाय म्हणून "लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल". त्यात आणखी एका मुलीच्या आयुष्याची वाट लागते. हा आजार आहे असं समजलं, तर घर डॉक्टर शोधतं, पैशांची तजवीज करतं आणि पुन्हा पाय घसरला तरी पुन्हा उभं राहतं.

आपल्या देशात असा विचार करणाऱ्या घरांची संख्या फार नाही, हे आकडेच सांगतात. दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांतल्या साधारण ५.७ कोटी लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आणि दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठला तरी उपचार मिळतो. उरलेले ३७ जण घरात असतात, आई, बायको आणि मुलांच्या डोळ्यांसमोर.

याच अहवालातली आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांचा वास घेण्याची नशा मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. मोठ्यांमध्ये हे प्रमाण ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये १.१७ टक्के. अशा नशेसाठी मदतीची गरज असलेली सर्वाधिक मुलं ज्या राज्यांत आहेत, त्यांत उत्तर प्रदेश पहिला आहे आणि महाराष्ट्रही वरच्या पाचांत आहे. म्हणजे लखनौच्या आंटींचा प्रश्न नागपूर, नाशिक, सोलापूरलाही तेवढाच लागू आहे.

नशेशी या भागाचं नातं जुनं आहे. लखनौला लागून असलेल्या बाराबंकी जिल्ह्यात सरकारी परवान्याने खसखशीची, म्हणजे अफूची शेती होते. गाजीपूरला १८२० साली सुरू झालेला अफूचा कारखाना आजही सरकारी कारखाना म्हणून चालतो आणि त्यातून औषधांसाठी लागणारा कच्चा माल मिळतो. त्याच अफूपासून कॅन्सरच्या रुग्णाचं दुखणं शमवणारं मॉर्फीन बनतं आणि घरं उद्ध्वस्त करणारं हेरॉइनही. वस्तू एकच असते. फरक पडतो तो मेंदूत गेल्यावर.

दोन प्रकारचे फोटो

आंटींच्या मुलाचा एमआरआय खोटा नव्हता. फक्त त्या मशीनला वेगळा प्रश्न विचारला गेला होता.

दवाखान्यात आपण करतो तो एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ आहे का, रक्तस्राव झाला आहे का, कुठला भाग सुकला आहे का. घराचा नकाशा पाहावा तसं. भिंती जागेवर आहेत का, छत गळतंय का, हे त्यात कळतं. पण त्या घरात माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे नकाशात दिसत नाही.

ते पाहण्यासाठी शास्त्रज्ञ दोन वेगळ्या पद्धती वापरतात.

पहिली पेट स्कॅन. यात अगदी थोड्या प्रमाणात किरणोत्सारी पदार्थ शरीरात सोडतात. तो मेंदूतल्या ठरावीक जागी जाऊन चिकटतो आणि कुठे किती चिकटला ते मशीन मोजतं. मेंदूतलं रसायन कुठे कमी, कुठे जास्त, हे त्यातून कळतं. यासाठी वापरला जाणारा एक प्रकारचा कार्बन इतका अल्पायुषी असतो, की दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. म्हणून तो मशीनच्या जवळच तयार करून लगेच वापरावा लागतो.

दुसरी फंक्शनल एमआरआय. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे रक्त जास्त धावतं. रक्तात ऑक्सिजन किती आहे, यावरून चुंबकाला मिळणारा संदेश बदलतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये हे दाखवून दिलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत माणसाच्या मेंदूवर ही पद्धत वापरली जाऊ लागली. यात सुई नाही आणि क्ष-किरणही नाहीत. माणूस मशीनमध्ये पडून चित्रं पाहतो आणि त्याच्या मेंदूचा कुठला भाग जागा होतो, ते टिपलं जातं.

हे प्रयोग संशोधनासाठी होतात. तुमच्या गल्लीतल्या तपासणी केंद्रात हा रिपोर्ट मिळत नाही, आणि मिळाला तरी एका माणसाबद्दल त्यातून फारसं सांगता येणार नाही. ते का, हे पुढे पाहू.

एका डॉक्टरीणबाईंची चिकाटी

या विषयातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे डॉ. नोरा व्होल्कोव्ह. जन्म मेक्सिकोचा, रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की यांची पणती. १९८० च्या दशकात अमेरिकेत कोकेन ही श्रीमंतांची, फारसा धोका नसलेली नशा मानली जायची. त्या काळात त्यांनी कोकेन घेणाऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. मेंदूत रक्त नीट पोहोचत नसल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. १९८८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २००३ मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेच्या प्रमुख झाल्या.

त्यांचं महत्त्वाचं काम डोपामीन या रसायनावरचं आहे. डोपामीन म्हणजे मेंदूचा "हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर" असं सांगणारा निरोप्या. भूक लागल्यावर गरम वरण-भात समोर आला, बाळ पहिल्यांदा हसलं, परीक्षेचा निकाल चांगला लागला, की हा निरोप जातो. नशेचा पदार्थ हाच निरोप कृत्रिमरीत्या, कितीतरी मोठ्या आवाजात पाठवतो.

लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर तासभर उभं राहून घरी आल्यावर काय होतं? कानात दडे बसतात. आई बाजूला बसून बोलते, ते नीट ऐकू येत नाही. मेंदूचंही तसंच होतं. मोठा आवाज रोज येऊ लागला, की तो डोपामीन पकडणाऱ्या जागा कमी करतो. व्होल्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर हेच पाहिलं. कोकेनच्या व्यसनींमध्ये या जागा इतरांपेक्षा कमी होत्या, नशा सोडून काही महिने झालेल्यांमध्येसुद्धा. पुढे दारू, हेरॉइन आणि मेथ यांच्या व्यसनींमध्येही असंच चित्र दिसलं.

आता घरात दिसणारी एक गोष्ट आठवा. नशा सोडलेला माणूस पहिले काही महिने कशातच रमत नाही. सिनेमा नको, क्रिकेट नको, पोराशी खेळायला नको. घरचे म्हणतात, "एवढं केलं त्याच्यासाठी, तरी तोंड पाडून बसलाय." तो रुसलेला नसतो. साध्या आनंदाचा हलका आवाज त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचतच नसतो.

आवडतं म्हणून नाही, हवं असतं म्हणून

"एवढं काय आवडतं त्यात?" हा प्रश्न प्रत्येक व्यसनी माणसाला कुणी ना कुणी विचारलेला असतो. अनेकांचं खरं उत्तर असतं, "आता आवडतही नाही."

ऐकणाऱ्याला ही सबब वाटते. पण १९९३ मध्ये केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हाच मुद्दा मांडला होता. आवडणं आणि हवं असणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात आवड ओसरते, ओढ मात्र वाढत जाते.

स्कॅननेही याच्याशी जुळणारं चित्र दाखवलं. १९९७ मध्ये व्होल्कोव्ह यांच्या गटाने कोकेन सोडलेल्या रुग्णांना मेंदूत डोपामीन वाढवणारं औषध दिलं. त्यांच्या मेंदूत निरोगी माणसांपेक्षा कमी डोपामीन बाहेर पडलं आणि चढल्याची भावनाही कमी होती, पण कोकेनची तलफ मात्र जागी झाली. २००६ मध्ये त्यांनी रुग्णांना दोन व्हिडिओ दाखवले, एक निसर्गदृश्यांचा, दुसरा कोकेन घेणाऱ्यांचा. दुसरा पाहताना मेंदूच्या ज्या भागात डोपामीन वाढलं, तो भाग सवयीचा होता. रोज ऑफिसला जाताना वळण कुठे घ्यायचं याचा विचार करावा लागत नाही, पाय आपोआप वळतात, तो हा भाग.

तलफ फक्त मनात असते असंही नाही. २००७ मध्ये आयोवा आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मेंदूला इजा झालेल्या सिगारेट ओढणाऱ्यांचा अभ्यास केला. कानाच्या वर आत खोलवर इन्सुला नावाचा एक भाग असतो. शरीरातून येणाऱ्या जाणिवा तिथे पोहोचतात. या भागाला इजा झालेल्या १९ जणांपैकी १३ जणांची सिगारेट सुटली होती आणि त्यांतल्या बहुतेकांना ती सोडताना त्रासही झाला नव्हता. म्हणजे तलफ ही भूक-तहानेसारखी शरीरातून येणारी हाक असू शकते. "मन घट्ट कर" असं उपाशी माणसाला सांगून त्याची भूक जात नाही.

डोळा लवण्याच्या आत

मला सर्वांत जास्त हलवून गेलेला प्रयोग २००८ चा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉ. ॲना रोझ चाइल्ड्रेस यांनी कोकेनच्या २२ रुग्णांना फंक्शनल एमआरआयमध्ये झोपवून चित्रं दाखवली. चित्र फक्त ३३ मिलिसेकंद दिसायचं, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. लगेच त्यावर दुसरं चित्र यायचं. आपण काही पाहिलं हे रुग्णांना कळलंही नाही. तरी नशेशी संबंधित चित्र येताच त्यांच्या मेंदूतला भावना आणि बक्षिसाचा भाग जागा झाला.

हे घरच्यांनी समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर पानटपरी आहे, गुटख्याच्या पुड्यांच्या लडी लटकतात, ठेक्याची पाटी दुरून दिसते. महिनाभर चांगला राहिलेला माणूस बाजारात जातो आणि घरी येताना अस्वस्थ असतो. तुम्ही विचारता, "काय झालं?" तो म्हणतो, "काही नाही." तो खोटं बोलत असेलच असं नाही. काय झालं हे त्यालाही ठाऊक नसेल. त्याच्या डोळ्यांनी पाहिलं आणि मेंदूने त्याला विचारायच्या आधीच उत्तर दिलं.

म्हणून व्यसनमुक्तीचे समुपदेशक सांगतात, रस्ता बदला, पगाराच्या दिवशी बरोबर कुणीतरी जा, जुन्या मित्रांचे नंबर काढून टाका. हे संशय घेणं नाही. पायाला प्लास्टर असलेल्या माणसाला आपण जिना टाळायला सांगतो, तसं आहे.

पोरवयातच धोका जास्त का?

कपाळामागचा मेंदूचा भाग थांबायला सांगतो. उद्याचा विचार करणं, राग आवरणं, मोहाला नाही म्हणणं ही त्याची कामं. व्यसनींमध्ये हा भाग नीट काम करत नाही, असं अनेक स्कॅन अभ्यासांत दिसलं आहे. ओढ लावणारा भाग जोरात आणि थांबवणारा भाग मंद, अशी ही कोंडी असते.

हाच भाग सर्वांत उशिरा, विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. म्हणजे पंधराव्या वर्षी पहिली सिगारेट पुढे केली जाते, तेव्हा नाही म्हणणारा मेंदू अजून घडत असतो. "एकदा घेऊन बघ, काही होत नाही" हे वाक्य त्या वयाच्या मुलासाठी फार महाग पडू शकतं. सोल्युशन आणि थिनरमधलं टोल्यूइन तर थेट मेंदूतल्या जोडण्यांवर, म्हणजे पांढऱ्या भागावर घाव घालतं. दीर्घकाळ वास घेणाऱ्यांमध्ये ही इजा साध्या एमआरआयवरही दिसते.

चित्र काय सांगत नाही

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मग आपणही मुलाचा असा स्कॅन करून घ्यावा. थांबा.

पहिली गोष्ट, हे निष्कर्ष गटांचे असतात. वीस व्यसनी आणि वीस निरोगी माणसांची सरासरी काढली की फरक दिसतो. एकट्या माणसाचा स्कॅन पाहून "हा व्यसनी आहे" किंवा "हा होणार" असं आज कुणीही डॉक्टर सांगू शकत नाही. व्यसनाचं निदान होतं ते बोलून, लक्षणं विचारून. म्हणून कुणी मेंदूच्या रंगीत चित्राचे हजारो रुपये घेऊन व्यसन ओळखून देतो म्हणालं, तर सावध राहा.

दुसरी गोष्ट, मेंदूतला फरक व्यसनाने आला की आधीपासून होता? बंगळूरच्या निम्हान्समध्ये डॉ. विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी दारूच्या व्यसनाचा घराण्यात इतिहास असलेल्या, पण स्वतः न पिणाऱ्या तरुणांचे एमआरआय केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या मेंदूच्या काही भागांतला करडा थर इतरांपेक्षा कमी दिसला. म्हणजे काही धोका पेल्याला हात लावण्याआधीच असू शकतो.

मग ते नशिबात लिहिलेलं आहे का? याचं उत्तर २०१२ मध्ये केंब्रिजच्या कॅरेन अर्श यांच्या अभ्यासाने दिलं. त्यांनी व्यसनी माणसांची आणि त्यांच्या व्यसन नसलेल्या सख्ख्या भावंडांची तुलना केली. दोघांच्याही मेंदूत सारखेच वेगळेपण होते. एकच आईबाप, सारखा मेंदू, तरी एक व्यसनात गेला आणि एक नाही. मेंदू धोका वाढवतो, निकाल देत नाही. संगत, घरातलं वातावरण, हाताला काम, वेळेवर मिळालेला आधार यांची जागा स्कॅनमध्ये नाही, पण आयुष्यात आहे.

व्यसनाला मेंदूचा आजार म्हणावं का, यावरही जाणकारांत मतभेद आहेत. स्वतः एकेकाळी नशेत अडकलेले मेंदूशास्त्रज्ञ मार्क लुईस म्हणतात, की ही खोल रुजलेली शिकवण आहे आणि शिकलेलं बदलता येतं. मला वाटतं, घरच्यांसाठी दोन्ही बाजूंचा अर्थ एकच निघतो. दोष देऊन उपयोग नाही, आणि आशा सोडायचंही कारण नाही.

मेंदू सावरतो, पण त्याच्या वेळेने

२००१ मध्ये व्होल्कोव्ह यांच्या गटाने मेथ सोडलेल्या पाच जणांचे दोनदा पेट स्कॅन केले. पहिला सोडल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, दुसरा १२ ते १७ महिन्यांनी. डोपामीनची ने-आण करणाऱ्या ज्या यंत्रणा आधी कमी झाल्या होत्या, त्या दुसऱ्या वेळी बऱ्याच भरून आल्या होत्या. स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा नव्हती. अभ्यास लहान आहे, पण दिशा दाखवतो. दारू सोडलेल्यांच्या मेंदूचा आकसलेला भाग पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत थोडा भरून येतो, असंही एमआरआयवर दिसलं आहे.

म्हणजे शरीरातून नशा काही दिवसांत उतरते, मेंदूला मात्र वर्षभर लागू शकतं. आपण काय करतो? महिना झाला की म्हणतो, "आता बरा झालास ना? मग कामाला लाग, लग्न कर, पैसे फेड." प्लास्टर काढल्याच्या दिवशीच धावायला लावण्यासारखं आहे हे.

स्कॅन नसतानाही ज्यांना कळलं होतं

मराठी वाचकांना मुक्तांगणचं नाव सांगायला नको. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदतीला पुढे आले. १९८६ मध्ये पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं केलं ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा अवचट यांनी.

तेव्हा फंक्शनल एमआरआयचा शोधही लागलेला नव्हता. तरी तिथे व्यसनीला रुग्णमित्र म्हटलं गेलं, त्याला मारायचं नाही, बांधायचं नाही हे ठरलं, काही आठवडे तिथे राहून दिवसाला शिस्त लावली गेली, आणि घरच्यांनाही उपचारात सामील केलं गेलं. मशीनने आज जे दाखवलं आहे, ते माणसांशी नीट बोलून, त्यांचं ऐकून या माणसांना आधीच उमगलं होतं.

घरच्यांनी काय करावं?

* रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येणं, भ्रम होणं असे जीवघेणे त्रास होऊ शकतात. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. आधी डॉक्टरांना भेटा.
* सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जा. लखनौत केजीएमयू आहे, तुमच्या जिल्ह्यातही असा विभाग असेल. खर्च खासगीपेक्षा खूप कमी येतो.
* व्यसनावर औषधं आहेत. "एक नशा सोडून दुसरी लावतात" हा गैरसमज आहे. अफू आणि हेरॉइनच्या व्यसनावरची ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.
* साखळी, मारहाण, कोंडणं असले प्रकार चालणाऱ्या केंद्रात माणसाला टाकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार दारू आणि नशेशी संबंधित मानसिक त्रासही त्यात येतात, आणि रुग्णाला साखळदंड घालायला बंदी आहे.
* पुन्हा प्यायला तर "सगळं वाया गेलं" म्हणू नका. मधुमेहात साखर वाढली की आपण डॉक्टरांकडे जातो, तसं पुन्हा जा.
* समजून घेणं म्हणजे सगळं सहन करणं नव्हे. घरात मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. नशेसाठी पैसे देऊ नका, त्याच्या खोट्यावर पांघरूण घालू नका.
* केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे नंबर मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करा. स्वतःला गरज नसली तरी कुणाला तरी देता येतील.

पाकीट परत करताना

आठवड्याने मी आंटींकडे गेले. एवढं सगळं सांगायला मला जमलं नसतं. मी म्हटलं, "आंटी, तो एमआरआय घराचा नकाशा आहे. भिंती शाबूत आहेत, ही चांगलीच बातमी आहे. पण त्याला होणारा त्रास त्या फोटोत येत नाही. म्हणून तो नाटक करतो असं होत नाही."

त्यांनी विचारलं, "तो ठीक हो जाएगा?"

मी खोटी खात्री दिली नाही. म्हटलं, बरे होणारे खूप आहेत, पण महिन्याभरात नाही, वर्ष लागू शकतं, आणि मध्ये पाय घसरू शकतो. त्यांनी पाकीट घेतलं आणि कपाटात, मुलाच्या दहावीच्या मार्कशीटजवळ ठेवलं. मग मला विचारलं, "केजीएमयू में पर्चा कितने बजे से बनता है?"

'छोड़ता क्यों नहीं' या प्रश्नापासून इथपर्यंत त्या आठवड्याभरात आल्या होत्या. तुमच्या घरात हा प्रश्न असेल, तर तुम्हीही तिथे पोहोचाल. सुरुवात एका फोनने किंवा ओपीडीच्या एका कागदाने होते.